एकवीस दिवस आणि पुढचे सहा आठवडे

रोज अंडं घातलं की अंगणभर ओरडत हिंडणारी गावरान कोंबडी एके दिवशी जागची हलत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवून बसते, घशातून घोगरा आवाज काढते, हात पुढे केला तर चोच मारते. अंडी थांबलेली असतात. तुरा फिकट पडत चाललेला असतो आणि पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडू लागलेली असते. घरातली जाणती बाई लांबूनच बघून सांगते, "खुडूक बसली."

यामागे एक संप्रेरक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन जास्त प्रमाणात स्रवू लागलं की कोंबडीची अंडी घालण्याची यंत्रणा मंदावते आणि उबवण्याची ओढ लागते. घरट्यात अंडी साठत जाणं, त्यांचा पोटाला होणारा स्पर्श, वाढता उजेड आणि ऊब, या सगळ्यांचा त्यात हात असतो. पोटाखालच्या उघड्या कातडीत रक्तपुरवठा वाढतो, ती कढत होते आणि मध्ये पिसांचा अडसर नसल्यामुळे सगळी ऊब थेट अंड्यांना मिळते.

पोल्ट्रीच्या धंद्यात ही ओढ नुकसानीची. खुडूक बसलेली कोंबडी आठवडेच्या आठवडे अंडी देत नाही. म्हणून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमधून निवड करत करत खुडूकपणा जवळपास काढून टाकला गेला. त्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, पण स्वतःचं एकही अंडं उबवत नाहीत. गावरान कोंबडीची अंडी वर्षाला पन्नास-साठ. ती तीन-चार खेपांत घालते आणि प्रत्येक खेपेनंतर बसू पाहते. परसातल्या चार-सहा कोंबड्यांच्या संसारात मात्र हीच बसणारी कोंबडी म्हणजे अंडी उबवण्याचं यंत्र. वीज लागत नाही, पारा बघावा लागत नाही, आणि पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना सांभाळण्याचं कामही तीच करते.

तरीही, दहा पिल्लं निघाली म्हणून घर आनंदलं आणि दीड महिन्यानं त्यातली तीन-चारच उरली, हा अनुभव गावोगाव ऐकायला मिळतो. अंडी उबवण्यात कोंबडी सहसा कमी पडत नाही. खरं नुकसान पिल्लं निघाल्यानंतरच्या सहा आठवड्यांत होतं आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. ज्या आठवड्यांत माणसानं लक्ष घालायला हवं, नेमकं तेव्हाच 'आता आई आहे ना' म्हणून पिल्लं मोकळ्यावर सोडली जातात.

सुरुवात अंड्यांपासून. कोंबडा नसेल तर अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत, हे उघड आहे. पण कोंबड्याचे शुक्रजंतू कोंबडीच्या शरीरात साठून राहतात, त्यामुळे कोंबडा विकल्यावरही आठ-दहा दिवस फलित अंडी मिळू शकतात. आठ-दहा कोंबड्यांना एक तरणा कोंबडा पुरतो. उबवायला ठेवायची अंडी मध्यम आकाराची, तडा नसलेली आणि शक्यतो आठवड्याच्या आतली असावीत. ती पाण्यानं धुऊ नयेत. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि अंडं घालताना त्यावर जो पातळ लेप चढतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. धुतलं की लेप गेला. अंडं फारच घाणेरडं असेल तर ते सरळ खायला घ्यावं.

अंड्यातला जीव घातल्या क्षणापासून वाढत राहतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अंडं बाहेर पडून थंड झालं की आतली वाढ थांबते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. म्हणूनच कोंबडीनं दहा-बारा दिवसांत घातलेली अंडी पुढे जवळपास एकाच वेळी फुटतात. मात्र त्यासाठी मधल्या काळात अंडी गार राहायला हवीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत घरातलीच हवा इतकी तापते की अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि आतला जीव दोन-तीन दिवसांत मरतो. त्या दिवसांत उबवणी टाळलेली बरी. टाळता येत नसेल, तर घमेल्यात ओली वाळू घेऊन त्यावर फडकं अंथरावं आणि अंडी निमुळतं टोक खाली करून सावलीत ठेवावीत. आपल्याकडचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. थंडीत निघालेली पिल्लं पावसाळ्यातल्या ओलीपासूनही वाचतात आणि उन्हाळ्याच्या तडाख्यापर्यंत चांगली सावरतात.

कोंबडी खुडूक दिसली म्हणून लगेच अंडी देऊ नयेत. दोन दिवस एखाद-दुसरं साधं अंडं ठेवून ती रात्रीही घरट्यातच बसते का, ते पाहावं. कधी कधी दुपारी फुगून बसलेली कोंबडी संध्याकाळी खुराड्यात जाऊन इतरांबरोबर झोपते. ती अजून पुरती बसलेली नसते. पक्की बसलेली असेल तर रात्री, अंधारात, तिच्या पोटाखाली सगळी अंडी एकदम सारावीत. लहान चणीच्या कोंबडीला आठ-दहा, मोठीला बारा. पंधरा-सोळा अंडी ठेवण्याची हाव नडते. कडेची अंडी गार पडतात, कोंबडी उलथापालथ करताना ती आत येतात आणि दुसरी कडेला जातात. असं होता होता चांगल्या अंड्यांतलेही जीव दगावतात. प्रत्येक अंड्यावर कोळशानं किंवा पेन्सिलीनं खूण करावी, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात येऊन नवी अंडी घालून जातात. खूण नसलेलं अंडं रोज काढून घेता येतं.

घरटं म्हणजे बांबूची उथळ पाटी. तळाला माती किंवा वाळू, वर भाताचा पेंढा किंवा वाळलं गवत, आणि त्यात मूठभर चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला. राख-पाला केवळ रीत म्हणून घालत नाहीत. तीन आठवडे एकाच जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा भराभर वाढतात आणि त्यांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. पिल्लं निघाली की हेच जीव त्यांच्या डोक्यावर आणि पंखाखाली जाऊन बसतात. पाटी अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात असावी, उंदीर-घुशींच्या वाटेवर नसावी आणि मध्येच जागा बदलू नये.

पुढचे एकवीस दिवस कोंबडी साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस ऊब राखते. दिवसातून अनेकदा चोचीनं अंडी फिरवते. न फिरवल्यास आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. ती दिवसातून एखाद वेळ, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. घाईघाईनं दाणे टिपते, पाणी पिते, भलीमोठी दुर्गंधी विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि परत येते. पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी राहिली तर बिघडत नाही. उलट ती उठतच नसेल तर दिवसातून एकदा हळूच उचलून खाली ठेवावी, नाहीतर घरट्यातच घाण करते. बाजरी, ज्वारी, मक्याचे दाणे आणि स्वच्छ पाणी जवळ असलं की झालं. ती खात नाही म्हणून घाबरू नये. रानटी लाल कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगांत अन्न अगदी घरट्याशेजारी ठेवूनही बसलेल्या माद्यांनी फारसं खाल्लं नाही आणि त्यांचं वजन घटत गेलं. उबवणीच्या काळात शरीर स्वतःच भूक कमी करून घेतं.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडी तपासता येतात. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचं रुंद टोक टेकवलं की आतलं दिसतं. जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि त्याच्या मध्यावर एक हलता काळा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. काहीच न दिसणारं, उजळ अंडं फलित नाही. फक्त एक लाल कडी दिसली तर आतला जीव सुरुवातीलाच मेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण आत नासलेलं अंडं फुटलं तर त्याची घाण साऱ्या घरट्याला लागते.

अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही. रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी आता बरीच मोठी झालेली असते, कारण दरम्यान कवचातून पाण्याची वाफ बाहेर जाऊन अंड्याचं वजन दहा-बारा टक्क्यांनी घटलेलं असतं. पिल्लू मान वळवून चोच त्या पोकळीत खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. तिथून अंड्यातून चिवचिव ऐकू येते. कोंबडी हलक्या आवाजात कुरकुरत उत्तर देते. वरच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा कडक कण असतो. त्यानं कवचाला पहिला तडा जातो. मग बराच वेळ काहीच होत नाही, कधी बारा तास, कधी त्याहूनही जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पिल्लू अडकलं. आत मात्र मोठं काम चाललेलं असतं. पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या शरीरात परत जात असतं आणि उरलेला सगळा पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. या वेळी दयेपोटी कवच सोललं तर शिरा फाटून रक्त वाहतं आणि पिल्लू हातातच दगावतं. काम पुरं झालं की पिल्लू आतल्या आत गोल फिरत कवचाला रुंद टोकाजवळ गोलाकार चीर पाडतं, पायानं जोर देतं आणि ओलंचिंब बाहेर पडतं. तासाभरात पिसं वाळू लागतात आणि तो चोचीवरचा कणही दोन-चार दिवसांत गळून पडतो.

पोटात गेलेला बलक ही निसर्गानं दिलेली शिदोरी. तिच्यावर पिल्लू पहिले दोन दिवस निभावून नेतं. म्हणून तर हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात. कोंबडीच्या घरट्यात याचा उपयोग असा, की आधी निघालेली पिल्लं उपाशी मरत नाहीत आणि आई मागच्या अंड्यांसाठी आणखी एक दिवस बसून राहू शकते. तिला मध्येच उठवू नये. मात्र बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी ती पिल्लं घेऊन उठली की मागे राहिलेली अंडी लगेच काढून टाकावीत आणि पाटीतलं गवत जाळून टाकावं.

आता खरी राखण सुरू होते. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. हॅचरीवाले पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास तापमान ठेवतात आणि दर आठवड्याला ते थोडं थोडं उतरवतात. कोंबडी हेच काम पंखाखाली करते. पिल्लं दाणे टिपतात, गारठली की आईच्या पोटाखाली शिरतात, ऊब घेऊन पुन्हा बाहेर येतात. पण आई फार लांब हिंडली आणि पिल्लं ओल्या गवतात भिजली तर तिच्या पंखाचाही उपयोग उरत नाही. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस कोंबडीला डालग्याखाली ठेवणं सगळ्यात उत्तम. डालग्याच्या फटीतून पिल्लं आत-बाहेर करतात, आई जागेवर राहते आणि धोका दिसला की पिल्लं क्षणात तिच्याखाली पळतात. डालग्याची जागा मात्र रोज बदलावी. एकाच जागी विष्ठा साचून जमीन ओली राहिली की रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पंख पाडून बसलेली, रक्तमिश्रित हगवण झालेली पिल्लं दिसतात ती यामुळेच.

पाण्याचं भांडं उथळ असावं आणि त्यात चार खडे टाकावेत. खोल वाटीत पडून बुडालेलं पिल्लू फार घरांनी पाहिलेलं असतं. खाणं म्हणजे तांदळाची कणी, असा आपल्याकडचा शिरस्ता. कणीनं पोट भरतं, पण पिसं आणि मांस वाढायला प्रथिनं लागतात. पिल्लांसाठीच्या तयार खाद्यात ती वीस टक्क्यांच्या आसपास असतात आणि कणीत त्याच्या निम्मीही नसतात. तयार खाद्य परवडत नसेल तर ज्वारी-बाजरीच्या भरड्यात शेंगदाण्याची पेंड आणि सुकटीचा चुरा मिसळावा. वाळवीचा उपाय तर फुकटचा. मडक्यात ओलसर शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ रात्री उपडं ठेवलं की सकाळी वाळवी आत शिरलेली असते आणि ती पिल्लांपुढे झटकली की दोन मिनिटांत फस्त होते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र पिल्लांना देऊ नये. त्यात कवचासाठी घातलेला चुना भरपूर असतो आणि पिल्लांची मूत्रपिंडं तो पेलू शकत नाहीत. आईनं पिल्लांचं खाद्य खाल्लं तर काही बिघडत नाही.

कोंबडी पिल्लांना खायला शिकवते ते पाहण्यासारखं असतं. दाणा सापडला की ती स्वतः खात नाही. तो चोचीत उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि घाईघाईचा कुक्-कुक् आवाज करत राहते. पिल्लं धावत येऊन तोच दाणा टिपतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात ख्रिस्टिन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कोंबड्यांना आधी दोन रंगांचं खाद्य देऊन एका रंगाचं बेचव असतं हे शिकवलं होतं. नंतर पिल्लं त्या 'वाईट' रंगाचं खाताना दिसली की आया चांगल्या खाद्याजवळ जास्त उकरू आणि टोचू लागल्या. पिल्लू चुकतंय हे आईला कळत होतं. त्याच विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली आणि पिल्लांना हाका मारू लागली. आई असलेलं पिल्लू आणि दिव्याखालचं पिल्लू यांतला फरक केवळ उबेचा नाही.

धोक्याच्या हाकाही वेगवेगळ्या. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडी बारीक, लांबट सूर काढते आणि पिल्लं जिथल्या तिथे दबून जातात किंवा आडोशाला शिरतात. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आलं तर ती मोठ्यानं, तुटक कलकलाट करते आणि पिसं फुलवून अंगावर धावून जाते. मांजरापुढे ती बऱ्याचदा जिंकतेही. कावळ्यांच्या जोडीपुढे मात्र हरते. एक कावळा तिला खेळवतो आणि दुसरा मागून पिल्लू उचलतो. पहिल्या महिन्यात अंगणाच्या एका कोपऱ्यावर जुनी मासेमारीची जाळी किंवा तुराट्यांचा मांडव टाकला, तर घार-कावळ्यांचं भय खूपच कमी होतं. इतक्या स्वस्त उपायानं इतकी पिल्लं वाचवणारं दुसरं काही नाही.

दुकानातून आणलेली पिल्लंही खुडूक कोंबडीखाली घालता येतात. मात्र ती एक-दोन दिवसांचीच हवीत. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकानं १८७३ मध्येच लिहून ठेवलं आहे, की अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं समोर हलणाऱ्या माणसामागेही चालू लागतात, पण चौथ्या दिवसापर्यंत डोळे झाकून ठेवलेलं पिल्लू डोळे उघडताच भिऊन पळतं. आईची ओळख पटण्याची मुदत इतकी थोडी असते. पिल्लं रात्री, अंधारात, एकेक करून पोटाखाली सोडावीत आणि पहाटे उठून कोंबडी त्यांना टोचत नाही ना, हे पाहावं. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या फारशा बसत नाहीत, तेव्हा त्यांची फलित अंडीही गावरान आईखालीच उबवून घेता येतात. बदकाची अंडीही चालतात, पण त्यांना अठ्ठावीस दिवस लागतात आणि कोंबडीला तितकं जास्त बसावं लागतं.

इतकं सांभाळूनही एक शत्रू डालग्याला आणि जाळीला जुमानत नाही. त्याचं नाव मानमोडी. १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ या रोगाची नोंद झाली. त्याच सुमारास तो भारतातही दिसला आणि हिमालयातल्या राणीखेत गावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. आजही गावात शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडी रिकामी करतो. औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचून आर-टू-बी. डासांवाटे पसरणाऱ्या देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात. पुण्यात औंधला असलेली पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था राज्यासाठी अशा लसी तयार करते आणि त्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून मिळतात.

अडचण लसीच्या किमतीची नाही, कुपीच्या आकाराची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची मात्रा असते. ती बर्फातच न्यावी लागते आणि पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी कुपी कोण फोडणार? ज्या वाड्यांनी हा प्रश्न सोडवला, तिथे बचत गटातल्या बायका एक दिवस ठरवतात. सगळ्यांची पिल्लं आदल्या रात्री डालग्याखाली कोंडून ठेवतात आणि सकाळी उन्हाआधी घरोघर थेंब टाकून होतात. सरकारी योजनेतून तलंगांचा गट, म्हणजे २५ माद्या आणि ३ नर, वाटला जातो, तिथे तर पहिल्या दिवसापासून ही सवय लागायला हवी. नाहीतर एका साथीत सगळा गट जातो.

कोंबडी बसायला नको असेल, तर तिच्या नाकपुडीत पीस खुपसणं किंवा तिला पाण्यात बुचकळणं हे प्रकार अजूनही केले जातात. ते क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही. तळाला जाळी असलेल्या, खालून वारं लागणाऱ्या पिंजऱ्यात, उजेडात तिला तीन-चार दिवस ठेवलं की पोट थंड पडतं आणि खुडूक मोडते. त्या दिवसांत दाणापाणी व्यवस्थित द्यावं.

सहा ते आठ आठवड्यांनी आई स्वतःच बदलते. तुरा पुन्हा लाल होतो, ती रात्री उंचावर बसू लागते आणि जवळ येणाऱ्या पिल्लांना टोचून हुसकते. लवकर अंड्यावर यावी म्हणून काही जण चौथ्या आठवड्यातच पिल्लं वेगळी करतात. पिसं पुरी भरली असतील आणि रात्री उबेची सोय असेल तर ते चालतं, थंडीत मात्र घाई करू नये. याच वेळी दोन निर्णय घ्यायचे असतात. ज्या कोंबडीनं जास्तीत जास्त पिल्लं वाढवली, ती कितीही भाव आला तरी विकू नये आणि पुढच्या खेपेला तिचीच अंडी उबवायला घ्यावीत, कारण बसण्याचा आणि सांभाळण्याचा गुण पुष्कळ अंशी रक्तातून येतो. आणि तिच्या पिल्लांमधला तरणा कोंबडा त्याच खुराड्यात ठेवू नये. लांबच्या गावातल्या कुणा नातेवाइकाकडे तो द्यावा आणि बदल्यात त्यांच्याकडचा आणावा, म्हणजे बहीण-भावांची वीण होऊन अंड्यांतून कमी पिल्लं निघण्याचा धोका राहत नाही.